रजेच्या जागेवर शिकवताना: नव्या शिक्षिकेला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बी.एड. झाल्या झाल्या एका अनुदानित शाळेत प्रसूती रजेच्या जागेवर सहा महिन्यांसाठी नेमणूक मिळाली आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर रुजू व्हायचं. नववीच्या दोन तुकड्यांना गणित शिकवायचं, आणि ‘नवीन आहे ना, द्या तिला’ म्हणून रोजचा एखादा ऑफ तासही, म्हणजे गैरहजर शिक्षकाच्या वर्गावरचा तास, येणारच. मुलं ऐकतील का, वर्ग हाताबाहेर गेला तर काय करायचं, आणि चांगला बदली शिक्षक म्हणजे नक्की काय, हे तुम्ही विचारलं आहे. मी बरीच वर्षं गणित शिकवलं. नंतर पर्यवेक्षक झालो आणि रोज सकाळी बदली तासांची वही भरायला लागलो. कोणाला कुठल्या वर्गावर पाठवलं की काय होतं हे त्या वहीनं बरंच शिकवलं. त्या अनुभवातून लिहितो.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. मुलांना तुम्ही आवडायला हव्यात, ही ती गोष्ट. बदलीवर आलेले बहुतेक तरुण शिक्षक याच खटाटोपात पहिला आठवडा घालवतात. गप्पा, विनोद, ‘मी तुमच्या ताईसारखीच आहे’ वगैरे. नववीची मुलं आठ दिवस मजा बघतात आणि नवव्या दिवशी डोक्यावर बसतात. तुम्हाला दिलेलं काम त्यापेक्षा साधं आणि अवघड आहे. मॅडम सहा महिन्यांनी परत येतील तेव्हा मुलांच्या गणितात मध्येच एक खड्डा पडलेला नसावा, एवढंच. बाकी प्रत्येक निर्णय याच कसावर लावून बघा.

त्यासाठी पहिलं काम रुजू होण्याआधीच करायचं असतं. मॅडम रजेवर जाण्यापूर्वी त्यांना एकदा गाठा. शाळेत जमलं नाही तर परवानगी घेऊन फोनवर बोला. वार्षिक नियोजन आणि टाचण वही (रोजच्या पाठांची तयारी लिहिलेली) मागून घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. नियोजनात ‘बहुपदी – पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. मुलांच्या वहीत मात्र शेवटचा सरावसंच ‘गृहपाठ’ एवढ्या एका शब्दावर संपलेला असतो, कारण मध्ये स्नेहसंमेलनाची तालीम आली, नाहीतर मॅडमना निवडणुकीचं काम लागलं. खरी परिस्थिती वहीत सापडते. प्रत्येक तुकडीतल्या दोन वह्या बघा. एक अक्षर मोत्यासारखं असलेल्या मुलीची आणि एक मागच्या बाकावरच्या, अधूनमधून गैरहजर राहणाऱ्या मुलाची. पहिली वही मॅडमनी काय शिकवलं ते सांगते, दुसरी त्यातलं वर्गात काय पोचलं ते सांगते. तुम्हाला सुरुवात दुसऱ्या वहीपासून करायची आहे.

मॅडमना आणखी काही विचारून ठेवा, जे कुठल्याच नियोजनात नसतं. कोणाला फिट येते. कोणाला चष्मा लागलाय पण तो दप्तरातच राहतो. कोणाच्या घरी यंदा काही वाईट घडलं आहे. कोणाला फळ्यापाशी बोलावलं की रडू फुटतं. वर्गशिक्षिका म्हणून त्यांना हे सगळं माहीत असतं, आणि नव्या माणसाच्या हातून नेमक्या याच जागी दुखावणारं बोललं जातं. स्वतः मुलांची ओळख करून घेताना ‘वडील काय करतात?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका. वरवर निरुपद्रवी वाटतो, पण ज्याचे वडील नाहीत, किंवा आहेत पण घरी राहत नाहीत, त्याला साठ जणांसमोर उत्तर द्यावं लागतं. आडनावावरून गाव-जात शोधायची खोड असेल तर तीही शाळेच्या फाटकाबाहेर ठेवा.

आता पहिला तास. घंटा झाली की वर्गावर पोचा. आधीचे सर निघून गेलेत आणि पुढच्या मॅडम अजून शिक्षक खोलीत खडू शोधतायत, या मधल्या तीन-चार मिनिटांत वर्ग बिघडतो. मग पुढची पंधरा मिनिटं तो जागेवर आणण्यात जातात. पस्तीस मिनिटांच्या तासात हे परवडत नाही. खडू आणि डस्टर स्वतःच्या पिशवीतच ठेवा. आत गेल्यावर ‘शांत बसा’ म्हणू नका, कारण ते वाक्य मुलांच्या कानांना पंख्याच्या आवाजाइतकं सवयीचं झालेलं असतं. फळ्यावर तारीख, विषय आणि एक गणित लिहा. ते इतकं सोपं हवं की मागच्या बाकावरच्यालाही दोन मिनिटांत सुटेल. काहीतरी करायला मिळालं की वर्ग आपोआप खाली बसतो. स्वतःची ओळख मग द्या आणि दोन वाक्यांत संपवा. तुमच्या पदव्यांत कोणाला रस नाही.

नव्या शिक्षकाशी मुलं एक जुना खेळ खेळतात. नावं बदलून सांगायची, जागा बदलून बसायचं, हजेरीला एकानं दुसऱ्याचं ‘हजर’ द्यायचं. रागावू नका, सगळ्या पिढ्यांनी हे केलं आहे. प्रत्येकाला वही बाकावर, नाव दिसेल अशी ठेवायला सांगा आणि ते काम करत असताना एका फुलस्केप कागदावर बैठक आराखडा काढून घ्या. दुसऱ्या दिवशी आराखडा हातात धरून तिसऱ्या रांगेतल्या मुलाला नावानं हाक मारलीत की खेळ संपतो. नावं पाठ करण्यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा. ‘ए, निळ्या दप्तरवाला’ आणि ‘सिद्धेश’ यांत वर्गशिस्तीचा निम्मा फरक आहे.

मग कधीतरी ते वाक्य येतंच: ‘आमच्या मॅडम असं नाही शिकवत.’ इथे बरेच जण चिडतात, नाहीतर मॅडमची पद्धत कशी चूक आहे ते समजावू लागतात. दोन्ही करू नका. विचारा, ‘मॅडम कसं शिकवतात? ये, फळ्यावर दाखव.’ मूल दाखवतं आणि बहुतेक वेळा त्यांची पद्धत तुमच्याइतकीच बरोबर असते. भूमितीचं उदाहरण घ्या. दुसऱ्या सत्रात नववीला ‘चौकोन’ आणि ‘वर्तुळ’ ही प्रकरणं आहेत, म्हणजे सिद्धताच सिद्धता. मॅडमनी पक्ष, साध्य, सिद्धता असं लिहून पुढे विधान आणि कारण यांचे दोन रकाने आखायची सवय लावली असेल, आणि तुम्ही कारण ओळीशेजारी कंसात लिहायच्या पद्धतीत वाढला असाल, तर रकानेच आखा. तुमची पद्धत सुटसुटीत असेलही. पण वार्षिक परीक्षेचा पेपर सगळ्या तुकड्यांना एकच असतो, तपासणारे कदाचित तिसरेच कोणी असतात, आणि जूनमध्ये तीच मुलं दहावीत पुन्हा त्या मॅडमसमोर बसायची शक्यता असते. भाड्याच्या घरात राहताना आपण भिंती पाडत नाही, तसंच हे. जिथे मॅडमची पद्धत खरोखर मुलांना अडवते आहे असं दिसेल, तिथे दुसरी पद्धत ‘हेही चालतं’ म्हणून शेजारी दाखवा आणि निवड मुलांवर सोडा.

आता ऑफ तास. तुम्ही त्याला ओझं म्हणता. मी पर्यवेक्षक म्हणून सांगतो, बदली शिक्षक चांगला की वाईट हे शाळेला तिथेच कळतं. वर्गात जाऊन ‘आपापला अभ्यास करा’ म्हणायचं आणि खुर्चीत बसून वह्या तपासायच्या, ही सर्रास रीत आहे. दहावीला फेब्रुवारीत ते चालतं, कारण त्यांना खरंच अभ्यास करायचा असतो. आठवी-नववीला तो तास म्हणजे हक्काचा गोंधळ. म्हणून प्रत्येक इयत्तेसाठी एक-दोन तास असे तयार ठेवा, ज्यांना पुस्तक लागत नाही, आधीचं काही माहीत असावं लागत नाही, आणि जे पस्तीस मिनिटांत पूर्ण होतात. माझा हुकमी एक्का सांगतो. तो नववीपर्यंत कुठेही चालतो आणि तो आपल्याच एका शाळामास्तरांनी दिला आहे.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५चा, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत. आयुष्यभर शाळेतली मुलं शिकवता शिकवता आकड्यांशी खेळणारा माणूस. त्यांनी शोधलेला स्थिरांक जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. एवढं सांगायला एक मिनिट पुरे. मग प्रत्येकाला चार अंकी संख्या निवडू द्या. अट एकच, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. जे येईल त्याला पुन्हा तेच. फळ्यावर एक उदाहरण करून दाखवा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. इथे थांबा. ‘पुढे काय होतं ते तुम्ही सांगा’ म्हणा. ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. मग प्रत्येकाची आपापली संख्या. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सगळे ६१७४ वर येऊन थांबतात. पहिला मुलगा ‘सर, माझंपण!’ ओरडतो, पाठोपाठ दुसरी, आणि त्यानंतर तुम्हाला वर्ग गप्प करावा लागत नाही.

खरी मजा जिथे चुकतं तिथे आहे. कोणीतरी हमखास २१११ घेतो. २१११ वजा १११२, आले ९९९. तो पुढे ९९९ मधून ९९९ वजा करतो आणि विजयी चेहऱ्यानं सांगतो, ‘शून्य आलं, नियम खोटा.’ त्याला चूक म्हणू नका. वर्गालाच विचारा, आपण चार अंकी घेतली होती ना, मग चौथा अंक कुठे गेला? ०९९९ असं लिहिलं की ९९९० वजा ०९९९ बरोबर ८९९१, तिथून ८०८२, ८५३२ आणि ६१७४. डावीकडच्या शून्याचं महत्त्व असं लक्षात राहतं.

तुमच्यासाठी एक गुपित. बाकांमधून फिरताना साठ जणांच्या वजाबाक्या सोडवून बघायची गरज नाही. या रीतीतलं प्रत्येक उत्तर ९ च्या पटीत असतं, म्हणून उत्तराच्या अंकांची बेरीज करा. ती ९, १८ किंवा २७ नसेल तर वजाबाकी चुकलीच. असेल तर बहुतेक बरोबर. अशा एका फेरीत हातच्याची वजाबाकी अजून कोणाला येत नाही ते समजतं, आणि नववीत अशी मुलं तुम्हाला वाटतात त्यापेक्षा जास्त निघतील. त्यांची नावं टिपून ठेवा. हुशार मुलं आधी संपवून बसली तर त्यांना तीन अंकी संख्या द्या, ती ४९५ वर थांबते. आणखी पुढची असतील तर ९ च्या पटीत का, ते बीजगणितानं विचारा. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) अशी येते आणि दोन्ही पदांना ९ नं भाग जातो. नववीचा मुलगा हे स्वतः काढतो तेव्हा बीजगणित कशासाठी असतं हे त्याला पहिल्यांदा कळलेलं असतं.

तुमच्या विषयाबाहेरच्या ऑफ तासाला शिकवायचा आव आणू नका. इतिहासाचे सर आले नाहीत तर मुलांना पुढचा पाठ वाचू द्या आणि प्रत्येक बाकाला त्यावर तीन प्रश्न काढायला सांगा, पण उत्तर पुस्तकातल्या एका वाक्यात जसंच्या तसं सापडणार नाही असे. उरलेल्या वेळात एका रांगेनं दुसरीला विचारायचे. प्रश्नांचा कागद सरांच्या टेबलावर ठेवून द्या. ते दुसऱ्या दिवशी तिथून सुरुवात करतील आणि तुमचं नाव लक्षात ठेवतील. आणि एक विनंती आहे, जवळजवळ तंबी समजा: खेळाचा तास ऑफ मिळाला तर त्यात गणित घेऊ नका. मैदान मोकळं असेल आणि परवानगी असेल तर मुलांना खाली न्या. पोर्शन मागे पडलाय म्हणून पीटीचा तास खाणारे गणिताचे शिक्षक मुलांना जन्मभर आठवतात, आणि प्रेमानं नव्हे.

शिस्तीबद्दल फार बोलत नाही, कारण वरचं नीट जमलं तर त्याची गरज निम्म्यानं कमी होते. तरी काही गोष्टी. हात उचलायचा नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींना बंदी आहे. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा आणि नववीची मुलं त्यापुढे गेलीत, असला कायद्याचा कीस काढत बसू नका. वर्गाबाहेर उभं करणंही टाळा. बाहेरचं मूल कुठे गेलं, पडलं, घरी निघून गेलं, याची जबाबदारी त्या तासापुरती तुमची असते. बोलणाऱ्यांची नावं मॉनिटरकडून फळ्यावर लिहून घेण्याची प्रथा मला मुळीच पसंत नाही. मॉनिटर मित्रांना वगळतो, वैऱ्यांना धरतो, आणि शिक्षक आपली नजर एका चौदा वर्षांच्या मुलाला भाड्यानं देतो. त्यापेक्षा बोलणाऱ्याच्या बाकाशेजारी जाऊन उभ्या राहा आणि तिथूनच शिकवत राहा. पर्यवेक्षकांकडे मुलं पाठवणं हा शेवटचा उपाय ठेवा. आठवड्यातून तीनदा पाठवलीत तर मुलांना कळतं की वर्ग तुम्ही नाही, ते चालवतात. मात्र चिठ्ठी, मोबाइल, मारामारी, कोणी कोणाला त्रास देतंय अशी काही गंभीर गोष्ट असेल तर त्याच दिवशी वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांच्या कानावर घाला. स्वतः न्यायाधीश होऊ नका, तुम्हाला मागचा इतिहास माहीत नाही.

एक छोटी पण अडचणीत आणणारी बाब. ऑफ तास आठवीपर्यंतच्या वर्गावर आणि पहिलाच तास असेल तर हजेरीचा आकडा वेळेत खाली जायला हवा, कारण पोषण आहाराची संख्या त्यावर ठरते. वर्गशिक्षक नसले की हे नेमकं राहून जातं. हजेरीपटावर खाडाखोड करू नका. गैरहजरांचे क्रमांक कागदावर लिहून, सही करून शिपाईमामांजवळ कार्यालयात पाठवा.

तपासणीचं सांगायचं तर दोन तुकड्या म्हणजे शंभरावर वह्या. सगळ्या घरी नेल्यात तर महिन्याभरात कंटाळाल. एका वेळी एकच सरावसंच आणि त्यातलीही दोनच गणितं बारकाईनं तपासा, तीही शक्यतो मुलासमोर. चाचणी घेताना परीक्षेचाच साचा धरा. भाग एक आणि भाग दोन चाळीस-चाळीस गुणांचे, अंतर्गत मूल्यमापनाचे वीस. अंतर्गत गुणांच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवा. एप्रिलमध्ये मागचे गुण आठवून भरणाऱ्यांची फजिती मी दर वर्षी पाहिली आहे.

आता तुमच्या स्वतःच्या हिताचं, कारण हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. नेमणूक पत्र लेखी घ्या. त्यात कालावधी, विषय, आठवड्याचे तास आणि मानधन स्पष्ट हवं. ‘काम सुरू करा, पत्र नंतर देऊ’ याला हसून नकार द्या. तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे पैसे या बोलीवर, नेमलं असेल तर घेतलेल्या प्रत्येक तासाची नोंद वेगळ्या वहीत ठेवा, ऑफ तास धरून, आणि दर शनिवारी पर्यवेक्षकांची सही घ्या. अशा जागांचं मानधन महिनोन्‌महिने रखडतं हे गृहीत धरूनच घरचा हिशोब मांडा. रखडलं तर ती वहीच तुमचा पुरावा असते. रोज तुम्हालाच ऑफ तास मिळत असेल तर कुरकुर न करता एकदा शांतपणे वही दाखवा. त्यात आकडा दिसला की बहुतेक पर्यवेक्षक वरमतात. मीही वरमलो असतो. आणि पालक ‘मॅडम, घरी शिकवणी घ्याल का?’ विचारतील, चार पैसे मिळतील असं वाटेलही, पण शिक्षण हक्क कायद्याचं २८वं कलम शिक्षकाला खासगी शिकवणीची मनाई करतं. रजेच्या जागेवर आहात म्हणून तुम्ही शिक्षक नाही असं होत नाही.

शेवटच्या आठवड्यात मॅडमसाठी दोन पानं लिहा. कुठवर शिकवून झालं हे त्यात एका ओळीत येईल. उरलेली जागा मुलांना द्या. हातच्याची वजाबाकी कोणाची अजून कच्ची आहे, कोण सहा महिन्यांत वर आलं, कोण घसरलं आणि तुमच्या अंदाजानं का. ‘त्रिकोणमिती’ दोन तुकड्यांपैकी एकीला घाईत झाली असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे दहावीच्या सुरुवातीला त्या तेवढं पुन्हा घेतील. एक प्रत स्वतःजवळ ठेवा, पुढच्या मुलाखतीला ती कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त बोलते. आणि अनुभव दाखला शेवटच्या दिवशी मागू नका. त्या दिवशी मुख्याध्यापक बैठकीला गेलेले असतात. आठवडाभर आधी अर्ज देऊन, आवक क्रमांक टाकून घ्या.